आप्पांची जीप मोडून का विकली, ते सांगते

लग्नात भेटा, गणपतीला भेटा, बेळगावकडच्या आमच्या जांबोटीच्या स्टँडवर भेटा, प्रश्न ठरलेला. "आप्पांची जीप भंगारात घातलीस म्हणे?" जरा जवळचं माणूस असलं तर पुढचंही विचारतं. "कोल्हापूरकडचा एकजण अख्खी घेत होता, दुप्पट पैसे देत होता, नवी करून रस्त्यावर आणणार होता. त्याला का दिली नाहीस?" आजवर मी "जाऊ दे ओ" म्हणून विषय बदलत आले. त्याचा अर्थ लोकांनी असा काढला की हिच्याकडे उत्तर नाही. उत्तर आहे. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सगळं सांगते.

आधी एक गोष्ट. मी जीप भंगारात घातली नाही. भंगारवाला काट्यावर चढवून किलोनं पैसे देतो, आणि त्याच्याकडे गिअर बॉक्स आणि गंजका पत्रा एकाच ढिगात पडतात. मी जीप मच्छ्याच्या एका मिस्त्रींना सुट्या भागांसाठी विकली. हा फरक तुम्हाला छोटा वाटत असेल, मला वाटत नाही.

अपघाताचं सगळ्यांना ठाऊक आहे. जुलैचा पाऊस, दादा चोर्ला घाट चढून घराकडे येत होता, कणकुंबी ओलांडल्यावर जीप रस्ता सोडून चरात आडवी झाली. दादाचा पाय मोडला, जीव वाचला. त्यावर मला आणखी काही बोलायचं नाही, आणि जीप विकण्याशी त्याचा जेवढा संबंध लोक लावतात तेवढा नाही. "भावाचा पाय मोडला म्हणून रागानं विकली" हेही माझ्या कानावर आलंय. लोखंडावर राग काढण्याएवढी मी लहान नाही.

पाऊसभर ती ताडपत्रीखाली पडून होती. दिवाळी झाल्यावर मिस्त्री आले. त्यांनी चेसिसवर, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यावर, हात फिरवला, मग खिशातून सुतळी काढली. पुढच्या डाव्या कमानपाट्याच्या पिनेपासून मागच्या उजव्या पिनेपर्यंत ती ताणली आणि तिथं गाठ मारली. तीच सुतळी मग पुढच्या उजव्या पिनेपासून मागच्या डाव्या पिनेपर्यंत धरली. चेसिस सरळ असेल तर दोन्ही कर्ण सारखे भरतात. इथं गाठ पिनेच्या तीन बोटं अलीकडे राहिली.

"अक्का, इंजिन चांगलं हाय, गिअर बॉक्स चांगला हाय, ॲक्सलची हाऊसिंग दोन्ही चांगली हाईत. खरं चेसिस गेलंय."

"तापवून ओढता येत नाही काय?"

"येतंय की. खरं ताप दिल्याला लोखंड तिथंच मऊ पडतंय. कुठंतरी भरल्या गाडीत परत तिथंच वाकतंय. मी करून देणार नाही. दुसरं कोण देत असंल तर बघा."

ज्यांना वाटतं की कुठलीही जुनी जीप पैसे ओतले की उभी राहते, त्यांनी हे ऐकायला हवं होतं. जीव ओतून जुन्या जीपा उभ्या करणारी माणसं बेळगावात आहेत. उद्यमबागेत टर्निंगवाल्याकडे बसून एकेक बुश, एकेक पिन करून घेतात. त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. पण ते सरळ चेसिसवर काम करतात.

आता त्या कोल्हापूरकडच्या माणसाचं. त्याला अख्खी का दिली नाही, हाच तुमचा खरा प्रश्न आहे ना?

तो रविवारी आला. बोलणं गोड, सोबत एक पोरगा. मी ताडपत्री ओढली आणि बॉनेटच्या कड्या सोडायला पुढं झाले. "राहू दे ताई," तो म्हणाला. त्यानं इंजिन बघितलं नाही. आत बसून चारही चाकांना ओढ देणारा फोर बाय फोरचा दांडा टाकून बघितला नाही. जुनी गाडी बघायला आलेला माणूस निदान टायरवर पाय मारून बघतो, यानं तेही केलं नाही. पोराला म्हणाला, "वेस्ट आण."

पोरानं डिझेलमध्ये भिजवलेलं कॉटन वेस्ट आणलं आणि पुढच्या बाजूला चेसिसच्या पट्टीवर घासायला लागला. आधी चिखल निघाला, मग ग्रीस, मग आप्पांनी मारून घेतलेल्या काळ्या रंगाचे पापुद्रे. खालून चेसिस नंबरचे ठोकलेले आकडे वर आले. पोरानं त्यावर पातळ कागद धरला आणि पेन्सिल आडवी करून हलकेच फिरवली. पासिंगला छाप घेतात तसाच. कागद काळा होत गेला आणि त्यात एकेक आकडा पांढरा उमटत गेला. पोराचा हात सरावलेला होता. एकही आकडा फिसकटला नाही.

मग चौकशी सुरू झाली. आरसी, म्हणजे नोंदणीचं पुस्तक, ओरिजिनल आहे ना? पंधरा वर्षांनंतरचं पाच-पाच वर्षांचं रिन्यूअल झालंय ना, कधीपर्यंत आहे? नावावर कोण? मी म्हणाले, मीच. आप्पा गेल्यावर वारसाचा फॉर्म ३१ भरून मी ती माझ्या नावावर करून घेतली होती. तो खूश झाला. "मग तर सोपं आहे. एकच सही." आणि पुढं जे म्हणाला ते शब्द न शब्द माझ्या लक्षात आहे. "गाडी इथंच राहू दे. मी गॅस कटरवाला पाठवतो. नंबरचा एवढा तुकडा कापून नेतो, आरसी नेतो. बाकीचं तुम्ही भंगारात घाला, ते पैसेही तुमचेच."

मी विचारलं, "मग उभी कुठली जीप करणार?"

"आहे एक."

"कुठली?"

"ताई, जीप उभी राहिल्याशी मतलब. आप्पांचा नंबर रस्त्यावर फिरेल. अजून काय पाहिजे तुम्हाला?"

म्हणजे कागद नसलेली कुठली तरी दुसरी जीप होती. तिला आप्पांच्या जीपचं नाव लावायचं होतं. ती चोरीची होती, लिलावातली होती, की आणखी कशी, मला माहीत नाही. सरळ असती तर तिला तिचे स्वतःचे कागद असते, एवढं मला कळतं.

काकांना फोन लावला. काका म्हणाले, "आपल्याला काय करायचंय? तो आणि त्याची गाडी. पैसे मोजून घे." दादा सोप्यात पाय लांब करून बसला होता, प्लास्टर निघून फार दिवस झाले नव्हते. त्यानं सगळं ऐकलं होतं. तो म्हणाला, "देऊन टाक. निदान नंबर तरी फिरेल." हे मला लागलं. त्या माणसाचं बोलणं जेवढं लागलं नाही तेवढं हे लागलं. कारण दादाला खरंच तसं वाटत होतं. अपघातानंतर जीपबद्दल तो पहिल्यांदाच बोलत होता, आणि मी त्याला नाही म्हणणार होते.

मी त्या माणसाला म्हणाले, "छापाचा कागद द्या."

"कागदच आहे ताई, राहू दे की."

त्यानं तो घडी करून शर्टाच्या खिशात टाकला होता. मी हात पुढं केला आणि तसाच ठेवला. पोरगा जमिनीकडे बघत राहिला. शेवटी त्या माणसानं कागद दिला आणि जाताना म्हणाला, "लोकं पाया पडून देतात, तुम्हाला द्यायचं नाही तर नका देऊ." कागद मी चुलीत घातला.

पण त्या पोरानं फोनवर फोटो काढला असेल का? त्या रात्री ही शंका काही सुटेना. आकडे वर आले होते, ताडपत्री उघडी होती, मी मधेच पाणी आणायला आत गेले होते. म्हणून त्याच आठवड्यात आरसी रद्द करायला अर्ज दिला. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली तर मालकानं १४ दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवायचं असतं आणि आरसी रद्द करायला जमा करायची असते. चेसिस नंबरचा तुकडा मी स्वतः उभी राहून कापून घेतला आणि अर्जासोबत दिला. त्याची पोच माझ्याकडे आहे.

काका अजून म्हणतात, हे सगळं उगाच. तर काका, २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानं एका खटल्यात निकाल दिला. गाडी हातोहात विकली गेली होती, नोंद पहिल्याच मालकाच्या नावावर राहिली होती, आणि मधल्या काळात अपघात होऊन एक मूल गेलं. भरपाईची जबाबदारी न्यायालयानं नोंदीवरच्या मालकावर टाकली. आप्पांचा नंबर लावलेली कुठली तरी जीप उद्या कुठल्या तरी पोराच्या अंगावर गेली असती, तर पोलीस माझ्या दारात आले असते. "नंबर तरी फिरेल" याचा अर्थ हाही होतो.

खरं सांगायचं तर कायद्याची भीती हे एकच कारण नव्हतं. जांबोटीच्या पुढं राहणाऱ्यांना आप्पांची जीप म्हणजे काय होती हे मी सांगायला नको. गवळी, कोंगळा, पास्तोली या बाजूला पावसात गाडीवाट राहत नाही, आजारी माणूस खांद्यावर आणावा लागतो. जिथवर जीप जात होती तिथवर आप्पा जात होते आणि तिथून माणूस खानापूरला पोचवत होते. त्या नंबरला जे नाव मिळालं ते अशा फेऱ्यांनी मिळालं. ते नाव दुसऱ्याच्या चोरट्या गाडीवर चिकटवायला द्यायचं, हे माझ्या हातून होणार नव्हतं. यात माझा हट्ट आहे असं म्हणा. आहे.

मिस्त्रींनी दिलेले पैसे त्या माणसानं सांगितलेल्या आकड्याच्या निम्मे होते, हे खरं आहे. ते पैसे मला लागत होते, हेही खरं आहे. दादाच्या ऑपरेशनचं देणं होतं. दुप्पट मिळाले असते तर ते फिटून वर उरले असते, आणि ती ओढाताण मी अजून सोसते आहे. "पैशाचं काही नाही, तत्त्वाचं होतं" असं मी म्हणणार नाही. पैशाचंही होतं.

मिस्त्रींनी ती खोलली तेव्हा मी होते. आधी हूडच्या कमानी, मग काच, मग बॉडीचा टप उचलला. खाली इंजिन, गिअर बॉक्स आणि पुढच्या-मागच्या चाकांना ओढ वाटून देणारी ट्रान्सफर केस एका ओळीत उघडी पडली. एमएम ५४०, २११२ सीसीचं प्यूजोचं डिझेल इंजिन. महिंद्रानं १९४७ पासून विलीजच्या जीपा जोडायला सुरुवात केली, त्याच घराण्यातली ही. एका घराण्यातल्या असल्यानं त्यांचे बरेच भाग एकमेकींना बसतात, म्हणून तर आमच्या भागात अजून त्या चालतात. ट्रान्सफर केस कणकुंबीच्या एका जीपला बसली. तिची फोर बाय फोर बंद पडली होती आणि मालक पावसाआधी मिस्त्रींकडे फेऱ्या मारत होता. पुढचं हाऊसिंग चंदगडला गेलं. अख्खी जीप कोल्हापूरकडे द्यायची तर एनओसी, म्हणजे ना-हरकत दाखला, काढावी लागली असती; आम्ही कर्नाटकात, कोल्हापूर महाराष्ट्रात, राज्य बदलतं. हाऊसिंगला काही लागलं नाही, दुधाच्या टेम्पोत बसून गेलं. इंजिन मिस्त्रींकडेच आहे, गिऱ्हाईक आलं की जाईल.

आप्पा गेले तेव्हा सगळ्यांसमोर "ही जीप या दारातून हलणार नाही" असं मीच म्हणाले होते. ते वाक्य लोक मला परत ऐकवतात, आणि ऐकवायला लोकांची गरज नाही, ते मी स्वतःच ऐकते. तेव्हाची मी म्हणते, मोडकी तर मोडकी, ताडपत्रीखाली राहिली असती तर कुणाचं काय जात होतं? आजची मी म्हणते, आपल्याकडच्या पावसात ती चार वर्षांत मातीला गेली असती, आणि तोवर असला एखादा गॅस कटरवाला रात्री येऊन तुकडा कापून घेऊन गेला असता. तेव्हाची मी म्हणते, आप्पांनी ठेवली असती. हो, ठेवली असती. त्यांनी मोडकं वखरसुद्धा टाकलं नाही. यावर माझ्याकडे बोलायला काही नाही.

दादा मधे महिनाभर माझ्याशी धड बोलत नव्हता. आता बोलतो. गेल्या आठवड्यात त्यानं चंदगडकडची एक ५४० बघून ठेवली आहे, चेसिस सरळ आहे म्हणतो, आणि उरलेल्या पैशात भर घालून घेऊ म्हणतो. उरलेले असे पैसे नाहीत. मी हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही. आरसी आधी मी बघणार आणि सुतळी मिस्त्री लावणार, एवढंच त्याला सांगितलंय.