काकांचं यंत्र

आमचे थोरले काका मालवाहू बोटीवर ग्रीसर होते, म्हणजे इंजिनाला तेल-वंगण घालणारे. नोकरीची सगळी वर्षं इंजिनरूममध्ये गेली, त्यामुळे ‘समुद्र तुम्हीच जास्त पाहिलात, दापोलीहून,’ असं ते आम्हाला म्हणत. ते गेल्यावर काकूने त्यांचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा उघडला. परदेशी नाणी, कोटाची बटणं आणि बोटभर उंचीची एक वस्तू. खाली चौथरा, त्यावर खांब, खांबावर उभी गोल तबकडी आणि बाजूला फिरणारी मूठ. काकूने ती थेट देव्हाऱ्यात ठेवली. श्रीयंत्र असतं, तसं हे ‘यांचं यंत्र’.

दर शुक्रवारी देवांबरोबर यंत्रालाही चिंच लागायची. देव लखलखायचे, यंत्र काळपट ते काळपटच. चौथऱ्याला मागून एक भोक होतं. काकूने त्यात उदबत्ती खोचून पाहिली. पण ती आडवी राहायची आणि राख नेमकी बाळकृष्णाच्या अंगावर पडायची, म्हणून तो प्रयोग थांबला.

‘काय आहे ते बघतो तरी,’ म्हणून गेल्या दिवाळीत मी ती वस्तू पुण्याला आणली. बायको म्हणाली, बाहुलीचा वजनकाटा. शेजारचे म्हणाले, रेल्वेचा सिग्नल. मी होकायंत्रावर अडून बसलो आणि चार दिवस बसलो. वस्तू ठेवू तिकडे तोंड करायची, उत्तरेशी तिचं काही देणंघेणं नव्हतं, तरीही.

शेवटी मोबाइलचा कॅमेरा तबकडीवर धरून अक्षरं मोठी केली. फुल, हाफ, स्लो, स्टॉप. एका अर्ध्यावर ‘अहेड’, दुसऱ्यावर ‘अस्टर्न’. म्हणजे पुढे आणि मागे. हा बोटीचा टेलिग्राफ होता!

जुन्या बोटीत कप्तान वर ब्रिजवर, म्हणजे बोट हाकायच्या जागी, आणि इंजिन खाली पोटात. वरून हाक मारून खालच्या धडधडाटात काय ऐकू जाणार? म्हणून दोन्हीकडे एकेक तबकडी आणि मधून तारा-साखळ्या. वर मूठ ‘हाफ’वर नेली की खाली घंटा वाजते आणि काटा ‘हाफ’वर येतो. मग खालचा इंजिनिअर आपली मूठ तिथेच नेतो, तेव्हा वरचा काटा हलतो. हुकूम पोचला. लिव्हरपूलच्या चॅडबर्न कंपनीचे टेलिग्राफ इतके पसरले की खलाशी यंत्रालाच ‘चॅडबर्न’ म्हणू लागले. बोट बंदरात नीट बांधून झाली की शेवटचा हुकूम यायचा, ‘फिनिश्ड विथ इंजिन्स’. काकांच्या तबकडीवर तो मावलेला नव्हता.

आता माझ्या अंगात संशोधक शिरला. मुंबईला गेलो तेव्हा वाट वाकडी करून चोरबाजारात, मटन स्ट्रीटवर गेलो. तोडलेल्या बोटींचं सामान तिथे मिळतं. दुकानदाराने वस्तू तळहातावर घेतली, हसला आणि म्हणाला, “इसका बाप दिखाऊँ?” कोपऱ्यात छातीएवढा पितळी टेलिग्राफ उभा होता. त्याने मूठ ओढली आणि अशी खणखणीत घंटा वाजली की रस्त्यावरचे दोघे वळून बघायला लागले. काका ही घंटा वर्षानुवर्षं ऐकत होते, तीही नेहमी खालच्या बाजूला उभे राहून.

बापाची किंमत मी विचारली, पोराची त्याने सांगितली नाही. त्याऐवजी एक छोटं सेक्स्टंट, म्हणजे सूर्य-ताऱ्यांवरून बोटीची जागा काढायचं उपकरण, पुढे केलं. त्यावर ‘केल्व्हिन अँड ह्यूजेस, लंडन, १९१७’ असं कोरलेलं. या नावाची कंपनी १९४७ साली दोन कंपन्या एकत्र येऊन झाली, हे मी आदल्याच रात्री वाचलं होतं. अशा पितळी नकला आपल्याकडे रुरकीला चांगल्या बनतात. मी दुकानदाराला काही बोललो नाही. घंटा फुकट ऐकवली होती त्याने.

एक कोडं मात्र राहिलंच. मागचं भोक कशाला? आत तिरकी खाच आणि स्क्रूएवढं बारीक छिद्रही होतं. बोटीच्या मॉडेलवर बसवायची सोय असावी, असं मी गृहीत धरलं. मग एकदा रिफिल घ्यायला अप्पा बळवंत चौकात गेलो. सुटे पैसे काढताना यंत्रही खिशातून बाहेर आलं आणि काउंटरवर आडवं झालं. काउंटरवरच्या आजोबांनी ते उचललं, तोंडाकडे पाहिलंसुद्धा नाही. थेट भोकात डोकावले आणि म्हणाले, “पातं गेलंय याचं.”

“कसलं पातं?”

“शार्पनर आहे हो. जस्ताचं ओतीव, वरून पितळी रंग. तोफ, ग्रामोफोन, शिवणयंत्र, सगळं यायचं असं. पातं मिळेल, एवढा बारीक स्क्रू नाही मिळायचा.”

पितळ नव्हतंच, तर चिंच बिचारी काय करणार? घरी येताना मला सारखे काका दिसत होते. कुठल्यातरी बंदरातल्या दुकानात, खिशातले पैसे मोजताना. जन्मभर ज्याची घंटा वाजली की पळायचं, ते यंत्र बोटभर होऊन पेन्सिलीला टोक काढतंय. मूठही आपल्याच हातात. किती हसले असतील!

रात्री काकूला फोन करून सगळं सांगितलं. इंजिन, घंटा, जस्त, पातं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

“बरं. रविवारी येताना घेऊन ये,” ती म्हणाली. “चिंच भिजत घालून ठेवते.”