कापडात टांगलेलं छप्पर

अंगणातल्या बाकावर छोटं छप्पर हवं होतं. पत्रा नको होता, आणि गोलाईच्या स्लॅबसाठी सेंट्रिंगवाल्याने सांगितलेला आकडा ऐकून बाकच नको वाटायला लागला. तेव्हा स्विस इंजिनिअर हाइन्झ इझ्लर आठवले. ओलं कापड चार कोपऱ्यांना टांगायचं, झोळी पडेल तशी पडू द्यायची, ती कडक झाली की उलटी करायची. टांगलेल्या कापडात फक्त ताण असतो. तोच आकार उलटा केला की स्वतःच्या वजनाखाली फक्त दाब. काँक्रीट दाब आनंदाने सोसतं, ताणाला चिरतं. इझ्लर हे मॉडेलवर करून मापं घेत. मी थेट छप्परच टांगायचं ठरवलं.

आमचे गवंडी आप्पा चौकटीकडे बघून म्हणाले, "दादा, झोळीत पोर झोपवतात. छप्पर नाही."

पहिला प्रयोग एक मीटरच्या चौकटीवर, आईच्या जुन्या पॉलिस्टर साडीचा. सुरकुत्या नकोत म्हणून मी साडी डफासारखी ताणली आणि सगळा माल एकदम थापला. साडी तासाभरात लोंबली, माल घसरत मध्याला गोळा झाला. सुकल्यावर मोजलं तर मधे चार सेंटिमीटर, काठाला जेमतेम पाच मिलिमीटर. उलटं करताना दोन कोपरे हातातच आले. आप्पा काही बोलले नाहीत, हे जास्त लागलं.

चूक कुठे झाली ते मेक्सिकोतल्या एका कामावरून कळलं. २०१८ मध्ये झुरिकच्या ईटीएच विद्यापीठाच्या संशोधकांनी झाहा हदीद यांच्या आर्किटेक्ट कंपनीबरोबर मेक्सिको सिटीत 'निटकँडेला' नावाचं काँक्रीटचं पातळ कवच उभं केलं. साचा मशीनवर विणलेला; सुटकेसमध्ये भरून विमानाने नेला होता. त्यांनी कापडावर थेट काँक्रीट नाही थापलं. आधी सिमेंटचा जेमतेम दीड मिलिमीटरचा लेप दिला, तो कडक होऊ दिला, मग जाड थर. म्हणजे कापडाने आधी स्वतःच साचा व्हायचं.

दुसऱ्या वेळी चौकट दोन मीटरची. कापड म्हणून शेतीच्या दुकानातली विणलेली वीड मॅट, तण उगवू नये म्हणून जमिनीवर अंथरतात ती. सिमेंट तिला चिकटत नाही, शेवटी सोलून निघते, आणि विणीतून जादा पाणी झिरपून जातं. यावेळी ताणली नाही. मधे चाळीस सेंटिमीटर झोळ सोडला. सिमेंटची पातळ पेस्ट ब्रशने फिरवली आणि रात्रभर ओलं गोणपाट टाकून ठेवलं. सकाळी टिचकी मारली तर टणटण वाजलं. आप्पांनीही मारून बघितली.

चिरा धरून ठेवायला थरांमध्ये जाळी लागते, तिचं वेगळंच. दुकानदार प्लास्टरची फायबर जाळी गळ्यात मारत होता, "सगळ्या सारख्याच." नसतात. साध्या काचेचा धागा सिमेंटच्या अल्कलीत हळूहळू खाल्ला जातो. झिर्कोनिया असलेली एआर ग्लासची, म्हणजे अल्कलीला टिकणाऱ्या काचेची जाळी लागते. ती कुरियरने मागवली, आठवडा गेला. पण तिला लोखंडासारखा गंज नाही, म्हणून वर दोन बोटं काँक्रीटचं कव्हर द्यावं लागत नाही आणि छप्पर पातळ राहू शकतं.

माल एकास दोन, म्हणजे एक सिमेंट, दोन वाळू; वाळू बारीक चाळलेली, पाणी बेताचं. एक थर, जाळी, थर, पुन्हा जाळी, वर शेवटचा हात. पंधरा मिलिमीटरवर खूण केलेला खिळा मी दर वीतभर अंतरावर टोचून बघत होतो, आप्पा मागून थापीने भोकं बुजवत येत होते, तोंडाने काहीतरी पुटपुटत.

चौदा दिवस पाणी मारलं. पंधराव्या दिवशी सहा जण, खाली जुने टायर आणि पेंढा. वजन दीडशे किलोच्या आसपास. खरी परीक्षा हीच, कारण पलटी मारताना कवच वाकतं आणि आकाराचं सगळं शहाणपण तेवढा वेळ रजेवर असतं. आडवं झालं तेव्हा 'कट्' असा आवाज आला. सगळे थिजले. एका कोपऱ्याला केसाएवढी चीर. जाळीने धरून ठेवलं होतं. चारही पाय फाउंडेशनच्या खाचांत बसवले, म्हणजे ते बाहेर फाकणार नाहीत.

मॅट सोलल्यावर आणखी एक गंमत कळली. आप्पांनी जीव ओतून घोटलेली बाजू आता आत गेली होती आणि आभाळाकडे मॅटची वीण उमटलेली.

"माझी फिनिशिंग कोण बघणार?" आप्पा म्हणाले.

आई बाकावर जाऊन बसली आणि मान वर केली.