उन्हातला यमन

"मावशी, बाहेर अजून ऊन आहे, मग यमन कसा गायचा?" आज संध्याकाळी आठ वाजता, न्यू जर्सीतल्या एडिसनमधल्या आमच्या दिवाणखान्यात, तंबोऱ्याचे ॲप सुरू होताच दहा वर्षांच्या शिष्येने विचारले.

यमन हा रात्रीच्या पहिल्या प्रहराचा राग, असे मीच तिच्या वहीत लिहून दिले होते.

मुंबईत सूर्यास्ताची वेळ वर्षभरात जेमतेम सव्वा तासाने मागेपुढे होत असल्यामुळे, प्रहर आणि घड्याळ यांचे भांडण होऊ शकते हे लहानपणी क्लासला जाताना माझ्या कधी लक्षातच आले नाही. न्यू जर्सीत मात्र सूर्य जूनमध्ये साडेआठला मावळतो आणि डिसेंबरमध्ये साडेचारला. हिवाळ्यात मुले शाळेतून येऊन दूध पिईपर्यंत मारवा या सूर्यास्ताच्या रागाची वेळ सरलेली असते. संगीतशास्त्रकार भातखंड्यांनी ज्या संधिप्रकाशाशी मारवा आणि पूर्वी या रागांची सांगड घातली, तो उन्हाळ्यात इथे मुंबईपेक्षा कितीतरी अधिक रेंगाळतो, ही त्यातल्या त्यात भरपाई.

आमचा क्लास मात्र बारा महिने आठलाच, कारण पालकांची नोकरी.

शेवटी मी तिला पडदे ओढायला सांगितले आणि षड्ज लावला. परदेशात शिकवणारे तुम्ही अशा वेळी काय सांगता?