कायदा समान असताना तुम्ही लढता कशासाठी?

गोव्यात सर्वांना समान कायदा असताना मी बायकांच्या हक्कांसाठी कशासाठी लढते, असे तुम्ही विचारलेत म्हणून एकदा सविस्तर सांगते. गोव्यात सर्वधर्मीयांना 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला एकच कायदा आहे, मुलीला मुलाइतका वाटा आहे आणि वेगळा करार केलेला नसेल तर पतीच्या मिळकतीत पत्नीचा अर्धा हक्क आहे. हे मला ठाऊक आहे आणि त्याचा मला अभिमानही आहे. मात्र याच व्यवस्थेत, मुलगा नसल्यास हिंदू पुरुषाला काही अटींवर दुसरे लग्न करू देणारा 1880 चा हुकूमही होता, याची आठवण सभेत करून दिली की लोकांना राग येतो.

गोव्यातील सत्तरी तालुक्यातली एक तरुणी माझ्याकडे आली, तेव्हा तिच्या पिशवीत लग्नपत्रिका, देवळातील विधींचे फोटो आणि सिव्हिल रजिस्ट्रारकडील पहिल्या सहीचा कागद होता. पहिली सही म्हणजे केवळ विवाहाच्या इराद्याची नोंद. ठरावीक मुदतीनंतर दुसरी सही झाली तरच कायद्याने विवाह होतो. सासरच्यांनी दुसरी सही आज करू, उद्या करू म्हणत टाळली होती. तोवर मूल झाले, नवरा दुसरीकडे राहू लागला आणि तिला घर सोडायला सांगण्यात आले. मी तिच्यासोबत कार्यालयात गेले. कारकुनाने कागद वाचून शांतपणे सांगितले, की अशा बायका नेहमीच येतात. ते वाक्य मी आजही विसरलेले नाही. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली तिला पोटगी मिळवून देता आली, पण पत्नीचा अर्धा वाटा मिळाला नाही, कारण कायद्याच्या लेखी ती पत्नीच नव्हती.

निवडणुका का लढवता, हा तुमचा दुसरा प्रश्न. पक्षांपासून दूर राहिलो तरच बायका आपल्यावर विश्वास ठेवतील, असे मीच पूर्वी हिरिरीने मांडत असे, आणि त्यात तथ्य होते: उमेदवारी भरल्यानंतर काही घरांची दारे मला खरोखरच बंद झाली. पण दुसऱ्या सहीची तारीख घरोघरी जाऊन सांगणारी बाई पंचायतीत असावी, असे मला वाटते. राखीव प्रभागातून निवडून आलेल्या पंच बाईंच्या जागी त्यांचे यजमान बोलतात, हा तुमचा आक्षेप अनेक ठिकाणी खरा आहे. त्याला माझ्याकडे अजून पुरे उत्तर नाही. भावाने विनवणी केली म्हणून हक्कसोडपत्रावर सही करणाऱ्या बहिणीला काय सांगावे, हेही मला दर वेळी नव्याने ठरवावे लागते.