वावरक्षेत्र मोजणी, नोंद ३ : क्षेत्र वाढलं, पण कशामुळे?

वावरक्षेत्र म्हणजे प्राणी नेहमी जिथे वावरतो तो भाग. दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानातल्या सहा केप म्हशींच्या जीपीएस नोंदी 'सीटीएमएम' या वावरक्षेत्र मोजायच्या सॉफ्टवेअर पॅकेजसोबतच मिळतात. या टप्प्याचं सगळं काम त्यांच्यावर झालं. कारणं शोधण्याआधी मोजमाप पक्कं हवं. नाहीतर दोन प्राण्यांतला फरक अन्नामुळे आहे असं म्हणून मोकळं व्हायचं, आणि खरा फरक निघायचा एवढाच की एकाची कॉलर (गळ्यातला जीपीएस पट्टा) जास्त दिवस चालली.

साफसफाई आधी. मूव्हबँक या प्राण्यांच्या हालचालींच्या ऑनलाइन संग्रहावरून दुसरा डेटा घेतलात तर त्यातली वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असते. दिवस-रात्र तुलना करायची तर ती आधी स्थानिक करून घ्या. अक्षांश-रेखांशाच्या अंशांवर थेट क्षेत्रफळ काढू नका. विषुववृत्तावर रेखांशाचा एक अंश सुमारे १११ किमी भरतो, ६० अक्षांशावर त्याच्या निम्माच. एका नोंदीत लांब उडी आणि पुढच्या नोंदीत परत जागेवर, असा एकटा बिंदू बहुधा जीपीएसची चूक असतो, तो काढा. सलग दहा-बारा नोंदींची लांबची फेरी मात्र राहू द्या. प्राणिशास्त्रज्ञ बर्टच्या वावरक्षेत्राच्या १९४३ सालच्या व्याख्येत अन्न, जोडीदार आणि पिल्लांची निगा यांसाठीचा नेहमीचा वावर येतो, अधूनमधूनची भटकंती येत नाही हे खरं. पण ती वगळायचं काम ९५ टक्के वावर आत घेणाऱ्या रेषेवर सोडा, हाताने करू नका.

लहान प्राण्यांवर काम करणाऱ्यांनी स्थानाच्या चुकीकडे जास्त लक्ष द्यावं. १०० मीटर बाजूचा चौरस म्हणजे एक हेक्टर. कडेचे बिंदू चारी बाजूंनी २० मीटर बाहेर पडले की तोच १.९६ हेक्टर होतो! कॉलर बसवण्याआधी एका जागी ठेवून चूक मोजून घेतलेली असेल तर ती हालचालीच्या गणिती मॉडेलमध्ये घालता येते. म्हशींच्या बाबतीत ही चूक नगण्य.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो स्वसहसंबंधावर, म्हणजे लागोपाठच्या नोंदी एकमेकींवर अवलंबून असण्यावर. दहा वाजता म्हैस कुठे होती हे माहीत असलं की अकरा वाजता ती कुठे असेल याचा अंदाज येतोच, म्हणजे अकराची नोंद पूर्ण नवी माहिती देत नाही. समजा, क्षेत्र एकदा ओलांडायला १० दिवस लागतात आणि कॉलर १५० दिवस चालली. तासाला एक धरून ३,६०० नोंदी झाल्या, पण क्षेत्रफळाच्या हिशोबाला उपयोगी नमुने साधारण १५च. नोंदींच्या दाटीवरून क्षेत्र काढणारी साधी कर्नल पद्धत ३,६०० धरते, क्षेत्र कमी दाखवते आणि अंदाजाच्या अनिश्चिततेची मर्यादाही फसवी अरुंद देते. 'एकेडीई' ही स्वसहसंबंध लक्षात घेणारी कर्नल पद्धत मात्र १५ धरून चालते. सिला या म्हशीचे दोन्ही नकाशे शेजारी ठेवा : साध्या कर्नलची कड तिच्या मार्गाला चिकटलेली असते, एकेडीईची बाहेर सरकते. बाहेरचे बिंदू जोडून केलेला बहुभुज तर नोंदी वाढतील तसा फुगतो आणि कधी न गेलेला भागही पोटात घेतो.

क्रम असा : व्हेरिओग्राम (दोन नोंदींमधला काळ वाढतो तसं त्यांच्या जागांमधला फरक किती वाढतो याचा आलेख), प्राथमिक अंदाज, मॉडेलची निवड, मग एकेडीई. व्हेरिओग्राम सपाट होत नसेल तर तिथेच थांबा. प्राणी स्थलांतर करतोय किंवा नोंदींचा काळ अपुरा आहे. क्षेत्रफळाचा आकडा सॉफ्टवेअर तरीही देईल, त्याला अर्थ नाही. पेपर या म्हशीच्या नोंदींमधलं अंतर मध्येच एका तासावरून दोन तासांवर गेलं आहे, तिथे वेटिंग (दाट काळातल्या नोंदींना कमी, विरळ काळातल्यांना जास्त वजन देणं) चालू करा.

आता कारणं. वजन वाढलं की क्षेत्र वाढतं. क्षेत्र वजनाच्या कितव्या घातानुसार वाढतं याचा घातांक संशोधक मॅकनॅबने १९६३ साली ०.६३ काढला होता, पुढच्या अभ्यासांत तो बराच जास्त आला. मोठ्या प्राण्याला अख्ख्या क्षेत्रावर पहारा जमत नाही, शेजारी आत येऊन चरून जातात, म्हणून नुसत्या ऊर्जेच्या गरजेपेक्षा जास्त जागा लागते. तेवढ्याच वजनाच्या शाकाहारीपेक्षा मांसाहारीचं क्षेत्र मोठं असतं. पण अन्नाची दाटी वजनालाही मागे टाकते : नेपाळच्या चितवनमधल्या वाघिणीला सुमारे २० चौरस किमी पुरतात, रशियाच्या अतिपूर्वेकडच्या वाघिणीला ४००च्या आसपास. जात एक, फरक वीस पट! नराचं क्षेत्र अन्नापेक्षा माद्या कशा पसरल्यात यावर ठरतं. व्होल हे उंदरासारखे छोटे प्राणी : बहुपत्नीक मेडो व्होलमध्ये नराचं क्षेत्र मादीपेक्षा बरंच मोठं, एकपत्नीक प्रेअरी व्होलमध्ये जवळपास सारखं. माणसाचाही हात आहेच : २०१८ साली ५७ जातींच्या ८०३ प्राण्यांच्या नोंदींतून दिसलं की माणसाचा वावर दाट असलेल्या भागात त्यांची हालचाल निम्म्या ते एक-तृतीयांशावर येते. अडथळे आणि आयतं अन्न, दोन्हींचा परिणाम आकड्यात सारखाच दिसतो, म्हणून नुसत्या क्षेत्रफळावरून अधिवास चांगला की वाईट ठरवू नये.

पुढचा टप्पा ऋतूंचा. वरच्याच हिशोबाने ९० दिवसांच्या तुकड्यात फक्त ९ उपयोगी नमुने उरतात, मर्यादा रुंद येणार. त्यामुळे एकेका म्हशीचे ऋतुवार आकडे समोरासमोर न ठेवता सहाही जणींचे अंदाज, त्यांच्या अनिश्चिततेसकट, सीटीएमएममधल्या, अनेक प्राण्यांचे अंदाज एकत्र करणाऱ्या 'मेटा' फंक्शनमध्ये घालून दोन ऋतूंचं गुणोत्तर काढायचं आहे. त्या गुणोत्तराच्या मर्यादेत १ येत असेल तर फरक सिद्ध झाला असं लिहायचं नाही.