बोलून टायपिंग विकायचं कुणाला?

आज दिवसभर लातूरच्या मोंढ्यात दोस्ताचं ॲप दाखवत फिरलो, मराठीत बोललं की टाईप होतं ते. पहिल्याच आडतीवर मुनीमजी म्हणले, "अहो हे तर कीबोर्डवरच्या माईकमधी फुकट व्हायलंय की!" खरंच आहे, गुगलनं 2017 लाच मराठी व्हॉइस टायपिंग दिलंय, अन् ओपनएआयचं व्हिस्पर, म्हणजे बोलणं ऐकून लिहिणारं सॉफ्टवेअर, 2022 पासून ओपन सोर्स, म्हणजे इंजिन कुणालाबी मिळतंय, मग लोकांनी पैसे कशाचे द्यायचे?

सगळ्यांना विकायला गेलं की कुणीच घेत नाही, हे माझं मत. मोंढ्यात सौद्याचा गलका, टेम्पोचे हॉर्न, त्यात सोयाबीनच्या 'चाळीस कट्टे'चे 'चाळीस कुत्रे' झाले अन् हमाल लोटपोट. पण कोर्टासमोरच्या टायपिंगवाल्याकडं तेच ॲप असं चाललं की गडी खुर्ची ओढून जवळच आला, वादी प्रतिवादी कब्जेदार सगळं बरोबर, फक्त गट नंबर अक्षरात नको अंकात पाहिजे म्हणला. हे खरं गिऱ्हाईक! वकील लोक याचंच ऐकतेत, आमच्या फेसबुकवरच्या जाहिरातीला कोण विचारतंय.

दोस्ताचं मात्र एकच, इन्व्हेस्टरला दाखवायला डाउनलोड पाहिजेत. मी म्हणलं बाबा डाउनलोडचं राहू दे, ह्या टायपिंगवाल्याला महिनाभर फुकट वापरू दे, ह्याचे कोर्टाचे शब्द ॲपमधी घाल, मग खिशात हात घालतोय का बघ. सोमवारी परत जायचंय, नेट नसताना चालतंय का विचारलंय टायपिंगवाल्यानं, लाईट गेली की रेंजबी जाती म्हणे.