तुम्ही विचारलंत म्हणून: मी पायलट का घालते

"तुम्ही तर ब्लाइंड फेज एस्टिमेशनवाल्या, मग आता पायलट सिम्बॉल घालून रेट का वाया घालवता?" प्रत्येक प्रेझेंटेशननंतर कुणीतरी हे विचारतंच. फायबरमधून लेझरच्या प्रकाशाने डेटा पाठवताना लहरीची फेज (तिचा कोन) भरकटत राहते, आणि रिसीव्हरला ती ओळखावी लागते. ब्लाइंड पद्धत ती नुसत्या आलेल्या डेटावरून ओळखते; पायलट म्हणजे मधेमधे घातलेला, रिसीव्हरला आधीच माहीत असलेला सिम्बॉल, त्यावरून खरी फेज कळते, पण तेवढी डेटाची जागा जाते. आजवर दोन वाक्यांत उत्तर देऊन मोकळी व्हायचे, आज सगळं सांगते.

आधी हे मान्य करते की 32 सिम्बॉलांत 1 पायलट म्हणजे साधारण 3 टक्के जागा गेली, आणि ती मलाही खुपते. ब्लाइंड पद्धत सुंदरच आहे. या पद्धतीवरचा विटर्बी-विटर्बीचा 1983 चा पेपर पहिल्यांदा वाचला तेव्हा मी अक्षरशः खूश झाले होते, क्यूपीएसकेचा (यात प्रत्येक सिम्बॉल चार फेजांपैकी एक, म्हणजे दोन बिट) सिम्बॉल चौथ्या घातात चढवला की डेटा गळून पडतो आणि उरते ती फक्त लेझरची फेज (तीही चौपट), मग सरासरी काढा, कोन चारने भागा, झालं काम. पायलट म्हणजे कुबड्या असं मी माझ्या रिपोर्टात लिहिलं होतं, तेही जरा तोऱ्यातच.

पण चारने भागलं की उत्तर 90 अंशांच्या पटीत संदिग्ध राहतं. आधीच्या अंदाजाला जवळचं उत्तर निवडायचं एवढाच आधार, आणि नॉईजने एकदा चुकीचं निवडायला लावलं की पुढचं सगळं तसंच फिरलेलं राहतं. यालाच सायकल स्लिप म्हणतात. मला हे पाठ होतं, परीक्षेत लिहिलंही होतं.

तरी झालं काय ते ऐका. 28 गिगाबॉडचं (सेकंदाला 28 अब्ज सिम्बॉल) क्यूपीएसके, लांब फायबर, स्कोपवर कॅप्चर घेऊन प्रोसेसिंग नंतर कॉम्प्युटरवर. बहुतेक फाइल्समध्ये बीईआर (चुकलेल्या बिटांचं प्रमाण) हजारात एकदोन, पण मधूनच एखादी फाइल 20 टक्के दाखवायची. कॉन्स्टेलेशन (आलेल्या सिम्बॉलांचं ठिपक्यांचं चित्र) उघडलं तर चार ठिपके एकदम स्वच्छ. मी कनेक्टर पुसले, पोलरायझेशनवर संशय घेतला, सिंक परत केलं, आणि शेवटी "खराब कॅप्चर" म्हणून त्या फाइल्स सरासरीतून काढत गेले. एकदोन दिवस नाही, कित्येक आठवडे. रिपोर्टातला आकडा त्यामुळेच छान दिसत होता.

मग एका रात्री कंटाळून कुठले बिट चुकलेत ते क्रमाने प्लॉट केलं. फाइलच्या साधारण 60 टक्क्यांपर्यंत तुरळक टिंबं, आणि एका सिम्बॉलपासून पुढे काळी पट्टी, बरोब्बर निम्मे बिट चूक. ग्रे कोडिंगमध्ये (शेजारच्या ठिपक्यांत एकाच बिटाचा फरक असतो) 90 अंश फिरलं की प्रत्येक सिम्बॉलचा एक बिट चुकतो, म्हणजे 50 टक्के, आणि ठिपके फिरूनही ठिपक्यांवरच बसतात म्हणून चित्रात काहीच दिसत नाही. पुढचा भाग उलटा 90 अंश फिरवला, पट्टी गेली. मग टाकून दिलेल्या फाइल्स एकेक करून उघडत बसले. बहुतेक सगळ्यांत तेच. दुसऱ्या दिवशी गाइडना जाऊन सांगितलं की आकडा चुकीचा आहे आणि तो मीच तसा केलाय. ते वाक्य बोलायला मला फार जड गेलं.

आता तुम्ही म्हणाल की डिफरेन्शियल एन्कोडिंग करा, म्हणजे डेटा लागोपाठच्या दोन सिम्बॉलांमधल्या फरकात भरा. केलं की! स्लिपची चूक एका जागी थांबते हे खरं, पण एरवीची प्रत्येक चूक जवळपास दुप्पट होते. अॅव्हरेजिंगची विंडो, म्हणजे सरासरीला घ्यायचे सिम्बॉल, वाढवा असंही सांगतात. 100 किलोहर्ट्झ लाइनविड्थचे (लाइनविड्थ जास्त तितकी फेज अस्थिर) दोन लेझर धरले तर फेज एका सिम्बॉलात सरासरी अर्धा अंशही सरकत नाही, त्यामुळे वाढवायला जागा आहे, पण फारच लांब विंडो घेतली की मधल्या मधेच फेज भरकटते, आणि सोळा ठिपक्यांच्या 16-क्यूएएमला तेवढंही सहन होत नाही.

कधी वाटतं, मी त्या रात्रीला घाबरूनच पायलट घालते. असेलही. तेव्हाची मी आज समोर आली तर म्हणेल की स्लिप ओळखायचा अल्गोरिदम सुधार, कुबड्या कशाला, आणि तिचं म्हणणं मला पूर्ण खोडता येणार नाही. पायलटवरच नॉईज आला तर तोही चुकीचं सांगतो, म्हणून मी एकट्या पायलटवर विसंबत नाही, शेजारच्या दोनचार पायलटांशी ताडून बघते. दोन पायलटांमधलं अंतर 32 सिम्बॉल ठेवायचं की 64, यावर प्रत्येक सेटअपला नव्याने अडते. गेल्या वेळी 64 ठेवलं होतं, आणि रात्री परत 32 केलं.